दीडशे शब्दांची मर्यादा आली कुठून?

माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलेल्या माणसाला महाराष्ट्रात दोन गोष्टी लगेच सांगितल्या जातात. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव आणि मजकूर दीडशे शब्दांत बसव. एका अर्जात एकच विषय, हेही कुणीतरी बजावतं. मग माणूस रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल आणि त्या रस्त्याच्या ठेकेदाराबद्दल एकत्र विचारावं की दोन अर्ज करावेत, या विचारात पडतो.

आता माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उघडा. एकतीस कलमांचा छोटेखानी कायदा आहे, अर्ध्या दिवसात वाचून होतो. त्यात दहा रुपये कुठेही नाहीत, दीडशे शब्द नाहीत आणि एकच विषय अशी अटही नाही. सहाव्या कलमात एवढंच म्हटलंय की अर्जासोबत विहित केलेली फी द्यावी.

‘विहित’ या शब्दावर थोडं थांबू. मराठी कायद्यांतला हा सर्वांत शांत आणि सर्वांत ताकदवान शब्द असावा. कायद्याच्या व्याख्यांमध्ये त्याचा अर्थ सापडतो: विहित म्हणजे या अधिनियमाखालील नियमांद्वारे विहित केलेले. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी एक जागा मोकळी सोडली आणि ती कुणीतरी नंतर भरेल असं लिहून ठेवलं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे सरकार. केंद्राची फी केंद्र सरकारच्या नियमांतून आली, महाराष्ट्राची राज्याच्या नियमांतून. दीडशे शब्दांची आणि एका विषयाची अट महाराष्ट्राने २०१२ च्या जानेवारीत नियमांत दुरुस्ती करून घातली. त्यासाठी विधानसभेत विधेयक आलं नाही, चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. राजपत्रात अधिसूचना आली आणि नागरिकाच्या अर्जाची लांबी ठरली.

संसदेने किंवा विधानमंडळाने केलेला तो कायदा, आणि त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून सरकारने केलेले ते नियम, विनियम, आदेश, उपविधी. या दुसऱ्या गटाला सरकारी मराठीत दुय्यम विधिविधान म्हणतात. नाव दुय्यम असलं तरी रोजच्या जगण्यात माणसाची गाठ पडते ती बहुधा याच्याशी. वाहन परवान्याचा फॉर्म, गाळप हंगामातली एखादी अट, शाळाप्रवेशाचं वय, किती टन माल साठवला की गुन्हा, हे सगळं नियमांत आणि आदेशांत असतं. मग सभागृहाने न केलेल्या या कायद्यावर सभागृहाची नजर कशी राहते?

आधी एक गैरसमज दूर करू. सरकारला असा अधिकार देणं हीच लबाडी आहे, असं नाही. लोकसभेच्या बैठका वर्षातून साठ-सत्तर दिवस झाल्या तरी बऱ्या झाल्या म्हणायची वेळ आहे. औषधात कुठला रंग चालेल आणि बॉयलरची जाडी किती असावी हे साडेपाचशे खासदारांनी ठरवू नये हेच बरं. प्रश्न उरतो तो मर्यादेचा. १९५१ साली दिल्ली लॉज ॲक्टच्या प्रकरणात राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाला हाच प्रश्न विचारला. सात न्यायमूर्ती बसले आणि सातांनी सात वेगळी मतं लिहिली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निकाल अजून छळतो. त्या सातांतून जे सूत्र निघालं ते असं: कायद्याचं धोरण काय, हे विधिमंडळानेच ठरवलं पाहिजे. तो गाभा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तपशील देता येतो. आता दीडशे शब्द हा तपशील की गाभा, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर माहिती मागण्याच्या हक्काचा आकार जिथे बदलतो तिथे तपशील संपलेला असतो.

सभागृहाच्या नजरेची पहिली चौकी विधेयकातच असते आणि तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. विधानमंडळात येणाऱ्या प्रत्येक छापील विधेयकाच्या मागे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. वार्ताहर तेवढं वाचतात आणि पुस्तिका मिटतात. त्याच्याच मागे, नियम करण्याचा अधिकार दिलेला असेल तर, ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ जोडलेलं असतं. कुठल्या खंडाने सरकारला कसला अधिकार मिळतो आहे, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं, आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य येतं की हा प्रस्ताव सामान्य स्वरूपाचा आहे. लोकसभेच्या कामकाज नियमांतही अशा ज्ञापनाची सक्ती आहे. अधिकार सामान्य आहेत की असाधारण, ते त्यात सांगावं लागतं. ते शेवटचं वाक्य विधेयक काहीही असो, जवळजवळ तेच असतं. सरकारला स्वतःचे अधिकार असाधारण वाटणं अवघडच म्हणा. पण आमदाराला किंवा खासदाराला जाब विचारायचा असेल तर सर्वांत सोपी जागा हीच आहे. अधिकार एकदा दिल्यावर परत घेण्यापेक्षा देतानाच तो कापून देणं फार सोपं असतं.

कायदा झाला. आता नियमाचा मसुदा मंत्रालयातल्या एखाद्या कार्यासनावर तयार होतो आणि विधी व न्याय विभाग तो तपासतो. लोकांना विचारायचं की नाही, हे मूळ कायद्यावर अवलंबून असतं. कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ असे शब्द असतील तर मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ मध्ये ही अट आहे, म्हणून वाहतुकीच्या नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. माहिती अधिकार कायद्यात ती नाही. शहर नियोजनाच्या कायद्यामुळे आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग नगरसेवकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे प्रत्येक नियमाआधी त्या मागवतात असं लोकांना वाटतं. तसं नाही.

इथे आणखी एक फरक सांगायला हवा, कारण महाराष्ट्रात तो फार घोळ घालतो. शासन निर्णय, म्हणजे ज्याला गावागावात जीआर म्हणतात, तो नियम नव्हे. तो सरकारने आपल्या प्रशासकीय अधिकारात आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश असतो. कायद्याच्या नियमाविरुद्ध जीआर गेला तर न्यायालयात नियम टिकतो. पण एका बाबतीत जीआरची चैन आहे: सभागृहापुढे ठेवण्याची अट त्याला लागू नाही. एखादी अडचणीची गोष्ट नियमाऐवजी जीआरने किंवा परिपत्रकाने उरकली की पुढची सगळी चौकशीच टळते. पुढे मी ज्या चौक्या सांगणार आहे त्यातल्या एकीवरही जीआर थांबत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग राजपत्र. केंद्राचे नियम ‘भारत का राजपत्र’ या मथळ्याखाली, हिंदी आणि इंग्रजीत, ‘सा.का.नि.’ अशा आद्याक्षरांपुढे क्रमांक घालून निघतात. राज्याच्या कायद्यांखालचे नियम महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये येतात आणि घाईचं काम असेल तर वर ‘असाधारण’ लिहिलेलं असतं. हल्ली असाधारण हेच साधारण झालंय. ही प्रसिद्धी म्हणजे नुसता उपचार नव्हे, हे हरला नावाच्या माणसाच्या खटल्यात ठरलं. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ च्या डिसेंबरात अफूविषयी एक कायदा ठरावाने केला आणि तो कुठेही प्रसिद्ध केला नाही. त्या कायद्याखाली हरलाला पन्नास रुपये दंड झाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ज्याची दवंडी नाही, छपाई नाही, जो कुणाला कळण्याची सोयच नाही, असा बंद दाराआडचा ठराव लोकांवर लादता येत नाही, असा त्याचा आशय.

पण प्रसिद्धी म्हणजे किती प्रसिद्धी? याचं उत्तर सांताक्रूझ विमानतळावर मिळालं. २७ नोव्हेंबर १९६२ रोजी मायर हान्स जॉर्ज हा जर्मन माणूस झुरिकहून मनिलाला जाणाऱ्या विमानात बसला. अंगात खास शिवून घेतलेलं जाकीट, त्याच्या कप्प्यांत सोन्याच्या लाद्या, सगळं मिळून सुमारे चौतीस किलो. जाकिटाचं ते वजन अंगावर घेऊन निवांत बसून राहायचं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून पाहावी. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान मुंबईत उतरलं. तो खाली उतरलाही नाही. कस्टमचे अधिकारीच वर चढले. भारतातून नुसतं पुढे जाणाऱ्या सोन्याला १९४८ पासून सवलत होती. पण रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने ती बदलली होती: असं सोनं विमानाच्या मालयादीत दाखवलेलं असलं पाहिजे. ही अधिसूचना राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला, म्हणजे तो झुरिकहून निघण्याच्या तीन दिवस आधी.

झुरिकमध्ये भारताचं राजपत्र कोण वाचतं? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे बहुमताने त्याला दोषी ठरवलं गेलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत दिलं. बहुमताचं म्हणणं, इथल्या राजपत्रात आलं म्हणजे पुरे, जगभर कळवत बसण्याची जबाबदारी सरकारवर नाही. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. तेव्हापासून हिशेब साफ आहे. राजपत्रात आलं की तुम्हाला कळलं असं धरलं जातं, मग तुम्ही झुरिकला असा नाहीतर जुन्नरला.

इथून पुढे सभागृह येतं. नियम लागू झालेला असतो, लोक त्याप्रमाणे दंड भरू लागलेले असतात, आणि मग तो ‘पटलावर ठेवला’ जातो. लोकसभेत प्रश्नोत्तरांचा तास संपला की बाराच्या सुमारास अध्यक्ष ‘सभापटलावर ठेवायचे कागद’ पुकारतात. राज्यमंत्री उभे राहतात, पुष्कळदा सहकाऱ्यांच्या वतीनेही, आणि यादीतल्या क्रमांकांचे कागद ठेवतो असं सांगून खाली बसतात. काही मिनिटांत गठ्ठाभर कायदा सभागृहापुढे येऊन जातो. उशीर झाला असेल तर त्याची कारणं सांगणारं निवेदनही त्याच गठ्ठ्यात असतं. प्रेक्षक सज्जात बसलेल्या शाळेच्या सहलीला त्या वेळी काही घडलं असं मुळीच वाटत नाही.

ठेवण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे नुसतं ठेवणं. माहितीसाठी, पुढे काही नाही. दुसरा, जो बहुतेक केंद्रीय कायद्यांच्या शेवटी ठरलेल्या शब्दांत सापडतो: सभागृह अधिवेशनात असताना एकूण तीस दिवस कागद पुढे ठेवायचा, हे तीस दिवस एकाच अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात, त्यानंतरचं अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांनी मिळून बदल करायचं किंवा नियम नकोच असं ठरवलं तर तसं होतं. कुणी काही बोललं नाही तर नियम आहे तसा राहतो. आणि रद्द झाला तरी तोवर त्याखाली जे घडलं ते वैध राहतं, म्हणजे भरलेला दंड परत मिळत नाही. तिसऱ्या प्रकारात उलटी व्यवस्था असते: सरकारनेच येऊन मंजुरी मागायची. सीमाशुल्क दर कायद्यात घाईने निर्यातशुल्क वाढवण्याचा अधिकार सरकारला आहे, पण अधिसूचना सभागृहापुढे ठेवल्यावर पंधरा दिवसांत मंजुरीचा ठराव आणण्याचं बंधनही आहे. कराच्या बाबतीत संसदेने हात आखडता घेतला, बाकी ठिकाणी सैल सोडला.

यातल्या पहिल्या दोन प्रकारांतला फरक एकाच पानावर पाहायचा असेल तर पुन्हा माहिती अधिकार कायदा उघडा, कलम २९. पहिल्या पोटकलमात केंद्राचे नियम: तीस दिवस, बदल करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या पोटकलमात राज्यांचे नियम: अधिसूचित झाल्यावर शक्य तितक्या लवकर राज्य विधानमंडळापुढे ठेवावेत. वाक्य संपलं. तीस दिवस नाहीत, रद्द करण्याची तरतूद नाही. दीडशे शब्दांची अट याच दुसऱ्या पोटकलमाखाली येते. म्हणजे ती मुंबईत किंवा नागपुरात पटलावर ठेवली गेली तरी तिला हात लावायची सोय या कलमात नाही. आमदाराला ठराव आणता येईल, प्रश्न विचारता येईल, पण तो सर्वसाधारण अधिकार झाला.

आणि पटलावर ठेवलाच नाही तर? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण जुन्या मुंबई प्रांतातलं आहे. शेतमाल बाजाराचा मुंबईचा कायदा १९३९ चा, आजच्या बाजार समित्यांचा पूर्वज. त्याचे नियम १९४१ मध्ये झाले आणि पुढच्याच अधिवेशनात ते दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे होते. पण काँग्रेसचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं होतं, महायुद्ध चालू होतं, सभागृहंच भरत नव्हती. १९४६ च्या २० मे रोजी विधानसभा पुन्हा भरली आणि चार दिवसांनी उठली. नियम ठेवले गेले ते दुसऱ्या अधिवेशनात, २ सप्टेंबरला. वरच्या सभागृहात १३ सप्टेंबरला. म्हणजे पहिलं अधिवेशन हुकलं. पुढे एका व्यापाऱ्याने नेमकं यावर बोट ठेवलं: नियम वेळेत ठेवले नाहीत, म्हणून ते रद्दबातल. न्यायालयाने मानलं नाही. पटलावर ठेवल्यावरच नियम वैध होतो असं कायद्यात कुठे म्हटलं आहे, असं त्याचं उत्तर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅटलस सायकल कंपनीच्या खटल्यातही पोलादाच्या भावाबाबत असंच ठरलं. अत्यावश्यक वस्तू कायद्यातली ठेवण्याची अट पाळली नाही म्हणून आदेश मरत नाही. उलट बाजूही आहे. हुकमचंद प्रकरणात, १९७२ मध्ये, कायद्याने अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू केलेली नियमदुरुस्ती न्यायालयाने रद्द केली आणि सांगितलं की ती संसदेपुढे ठेवली होती एवढ्याने वाचत नाही. ठेवला म्हणून जगत नाही, ठेवला नाही म्हणून मरत नाही. सरकारी बाबूंना या पहिल्या अर्ध्या भागाचं फारसं सोयरसुतक नसतं, दुसरा तोंडपाठ असतो.

मग ही सगळी व्यवस्था कुणाच्या जोरावर चालते? एका समितीच्या. १९५० च्या एप्रिलमध्ये कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदेत सुचवलं होतं की सरकारने केलेले नियम मूळ कायद्याच्या हेतूबाहेर जातात का, हे तपासणारी एक स्थायी समिती असावी. १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळात ती आली. राज्यसभेची १९६४ मध्ये. पंधरा सदस्य, आणि मंत्री असलेला माणूस तिच्यावर नेमायचा नाही. महाराष्ट्र विधानमंडळातली अशी समिती ‘उपविधान समिती’ म्हणून ओळखली जाते.

ही समिती धोरण चांगलं की वाईट हे विचारत नाही, आणि हेच तिचं बळ आहे असं मला वाटतं. ती राजकारणाचे प्रश्न बाजूला ठेवून कारकुनी वाटणारे प्रश्न विचारते. हा मजकूर नियमात का, तो कायद्यात असायला हवा होता ना? यात कर तर बसवला नाही? न्यायालयाची वाट तर अडवली नाही? मागच्या तारखेपासून लागू करायचा अधिकार कायद्याने दिला होता का? मिळालेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे का? राजपत्रात यायला किंवा पटलावर यायला उशीर का झाला? हे शब्द सामान्य माणसाला कळतील का? अशा प्रश्नांवर पक्षाचा व्हिप चालत नाही, म्हणून सत्ताधारी सदस्यही सहीला मागे राहत नाहीत. सचिवालयातले अधिकारी राजपत्र ओळ न ओळ वाचतात, शंका मंत्रालयाला लेखी जाते, लेखी उत्तर येतं, समाधान झालं नाही तर सचिवाला समोर बोलावून विचारलं जातं. मग अहवाल, मग अहवालावर काय केलं याचा दुसरा अहवाल. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. तरी ‘कोणत्या कलमाखाली केलंत?’ या प्रश्नाचं उत्तर सहीनिशी द्यावं लागणं, ही अधिकाऱ्याला झोंबणारी गोष्ट असते. पुष्कळ नियम असे गाजावाजा न होता दुरुस्त होतात आणि बातमीत कधीच येत नाहीत.

नियम चुकीचा केला तसा नियम केलाच नाही, हीसुद्धा या समित्यांच्या हद्दीतली तक्रार आहे. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत, नाहीतर समितीकडून मुदत वाढवून घ्यावी, अशी संसदीय कार्यपद्धती आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. गृहमंत्रालय दोन्ही सभागृहांच्या समित्यांकडे पुन्हा पुन्हा मुदतवाढ मागत राहिलं आणि नियम निघाले ११ मार्च २०२४ ला. कायद्याच्या बाजूचा असो वा विरोधातला, चार वर्षं कुणालाच त्याखाली अर्ज करता आला नाही. मुदतवाढ नाकारली तर काय, याला कार्यपद्धतीत धारदार उत्तर नाही. म्हणून ती मिळत राहते.

सभागृहात उघड झुंज होते ती क्वचित. २०११ च्या एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थ कंपन्यांसाठीचे नियम आले. तक्रार आली की छत्तीस तासांत मजकुराबाबत कारवाई करा, असा त्यांचा रोख होता. पुढच्या वर्षी १७ मे रोजी राज्यसभेत केरळचे खासदार पी. राजीव यांनी ते रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. चर्चा झाली, मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी बोलून घेऊ असं आश्वासन दिलं, प्रस्ताव फेटाळला गेला. लोकसभेच्या समितीने मार्च २०१३ मध्ये या नियमांवर टीका करणारा अहवाल दिला. शेवटी त्यातल्या कळीच्या नियमाचे दात काढले ते सर्वोच्च न्यायालयाने, मार्च २०१५ मध्ये, श्रेया सिंघल प्रकरणात. याच कायद्याखाली सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’ नेमणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात आली. दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं, तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी कौल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द झाली. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहानेही असा सरकारी आदेश शेवटचा फेटाळला तो १९७९ मध्ये, रॉकेलच्या किरकोळ भावाविषयीचा. या कामात आपण एकटेच मंद नाही.

मंद हा शब्द आला म्हणून कांद्याचा एक कागद या सगळ्या चौक्यांवरून नेऊन पाहू. ७ डिसेंबर २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली: कांद्याची निर्यात ‘मुक्त’ ऐवजी ‘प्रतिबंधित’, ३१ मार्च २०२४ पर्यंत. नागपुरात त्याच दिवशी राज्याचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. तिथे आरडाओरडा होऊ शकत होता, पण केंद्राच्या अधिसूचनेला त्या सभागृहाचा हात पोचत नाही. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. ज्यांचा माल बोटीवर चढायला लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता त्यांना ५ जानेवारीपर्यंत सूट होती. ज्यांचा माल चाळीत होता त्यांना नव्हती.

या बंदीचा अधिकार विदेश व्यापार कायदा, १९९२ मधून येतो. त्याच्या कलम १९ मध्ये या कायद्याखालचा प्रत्येक नियम आणि प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावा, असं नेहमीच्या शब्दांत म्हटलेलं आहे. आता कॅलेंडर घ्या. समजा, कागद दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, पटलावर आला असता. संसदेचं हिवाळी अधिवेशन २१ डिसेंबरला संपलं: चौदा दिवस. पुढचं अधिवेशन ३१ जानेवारी ते १० फेब्रुवारी: अकरा दिवस. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या बैठकीपर्यंतचे सगळे दिवस, शनिवार-रविवार धरून, मोजले तरी पंचवीस होतात. पाच कमी पडले. मग निवडणुका आल्या. मधल्या काळात, मार्चमध्ये, बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली आणि ४ मे रोजी उठवली गेली, टनाला साडेपाचशे डॉलर किमान भाव आणि चाळीस टक्के निर्यातशुल्क लावून. नव्या लोकसभेची पहिली बैठक भरली २४ जूनला. उन्हाळ कांदा तोवर चाळीत जाऊन पडला होता.